गर्भाशयाचे दुर्मीळ कर्करोग आणि फुप्फुसे

बेंगळुरूच्या दक्षिण भागातील बसवनगुडी ही वसाहत तेथील नंदीमंदिरामुळे आणि कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी भरणाऱ्या भुईमुगाच्या शेंगांच्या जत्रेमुळे सर्वांना परिचित आहे. १८९८ साली शहरात प्लेगची साथ आली. जुन्या पेठेतील दाटीतून लोकांना मोकळ्या हवेत हलविण्याची निकड निर्माण झाली आणि या वसाहतीच्या उभारणीला वेग आला. आज या भागापासून थोड्याच अंतरावर, उत्तरेस, १९३५ पासून चालत आलेले वाणीविलास हे स्त्रिया व बालकांचे सरकारी रुग्णालय आहे, तर पूर्वेस १९७३ साली सुरू झालेली किदवई स्मारक कर्करोग संस्था आहे. बसवनगुडीत राहणाऱ्या स्त्रीला या दोन्ही ठिकाणी पोहोचण्यास शहर बस पुरेशी असते. बिदर, बेळगाव किंवा कलबुर्गीच्या सीमेवरील खेड्यातून येणाऱ्या मराठी वा कन्नड भाषक स्त्रीला मात्र त्यासाठी रात्रभराचा प्रवास, सोबतीला एक माणूस आणि दोघांचीही बुडालेली मजुरी एवढे सारे मोजावे लागते.

प्रस्तुत लेखाचा विषय असलेल्या आजारात हे अंतर निर्णायक ठरू शकते. गर्भाशयाच्या कर्करोगाचे काही प्रकार दुर्मीळ आहेत, पण ते फार लवकर फुप्फुसांत पोहोचतात. त्यांपैकी एक प्रकार फुप्फुसांत पसरल्यानंतरही बहुतांशी पूर्ण बरा होतो. दुसऱ्यात वेळ गेली की वैद्यकाच्या हाती फारसे काही उरत नाही. तिसरा वीस वर्षे गप्प बसून मग डोके वर काढतो. छातीच्या एक्स-रेवर मात्र तिन्हींच्या सावल्या जवळजवळ सारख्याच दिसतात. या सावल्यांचा उगम गर्भाशयात असू शकतो, हा विचार तपासणाऱ्याच्या मनात वेळेवर आला पाहिजे, आणि आपल्याकडे नेमका तोच उशिरा येतो.

रक्ताची वाट

गर्भाशयातील कर्करोग फुप्फुसांतच का जातो, याचे पहिले उत्तर शरीररचनेत आहे. आतड्यातून निघणारे अशुद्ध रक्त प्रथम यकृतात जाते. त्यामुळे आतड्याचा कर्करोग बहुधा यकृतात घर करतो. गर्भाशयाच्या शिरांची वाट वेगळी आहे. त्या ओटीपोटातील मोठ्या शिरांना मिळतात, तेथून रक्त अधोमहाशिरेत, मग हृदयाच्या उजव्या कप्प्यात आणि तेथून थेट फुप्फुसांत जाते. या वाटेवर मधे कोठेही गाळणी नाही. फुप्फुसांतील केशवाहिन्यांचे जाळे हीच पहिली गाळणी. या केशवाहिन्यांचा व्यास तांबड्या रक्तपेशीला जेमतेम जाऊ देण्याइतका असतो. कर्करोगाची पेशी त्याहून मोठी असल्याने ती तेथे अडकते. शरीरातील सगळे रक्त, म्हणजे विश्रांतीच्या अवस्थेतही दर मिनिटाला सुमारे पाच लिटर, या जाळ्यातून जात असल्याने अडकण्याच्या संधीही अगणित असतात.

तथापि अडकणे म्हणजे रुजणे नव्हे. इंग्लंडमधील शल्यचिकित्सक स्टीफन पॅजेट यांनी १८८९ साली स्तनाच्या कर्करोगाने मृत्यू पावलेल्या ७३५ स्त्रियांच्या नोंदी तपासून दाखविले की कर्करोगाच्या दुय्यम गाठी कोठेही, कशाही उठत नाहीत; त्यांना ठराविक अवयव मानवतात. बी कितीही विखुरले तरी ते मानवेल त्या जमिनीतच उगवते, हा त्यांच्या विवेचनाचा गाभा होता. पुढे १९२८ साली अमेरिकेतील जेम्स युइंग यांनी रक्तप्रवाहाची दिशा हेच मुख्य कारण असल्याचे प्रतिपादन केले. आज दोन्ही मतांत तथ्य असल्याचे मानले जाते. गर्भाशयाच्या बाबतीत रक्ताची दिशा आणि जमिनीचा कस या दोन्ही गोष्टी फुप्फुसांकडे बोट दाखवितात.

येथे एक भेद ध्यानात घेणे आवश्यक आहे. गर्भाशयाच्या आतील अस्तरापासून उद्भवणारा नेहमीचा कर्करोग बहुधा पाळी बंद झाल्यानंतरच्या रक्तस्रावाने लवकर लक्षात येतो आणि पसरलाच तर प्रथम स्नायुस्तरात व लसिकाग्रंथींत पसरतो. गर्भाशयमुखाचा कर्करोग, जो आपल्या देशात स्त्रियांच्या कर्करोगांत आजही वरच्या क्रमांकावर आहे, तोही आधी शेजारच्या भागात हातपाय पसरतो. आपण ज्या दुर्मीळ प्रकारांचा विचार करीत आहोत, ते लसिकामार्गाची फारशी वाट न पाहता थेट रक्तात शिरतात.

स्नायूतील गाठ : नेहमीची आणि क्वचितची

गर्भाशयाच्या भिंतीचा मोठा भाग मऊ स्नायूंचा असतो. या स्नायूंत होणाऱ्या साध्या गाठी, ज्यांना फायब्रॉइड म्हणतात, त्या इतक्या सर्रास आढळतात की पन्नाशीपर्यंत बहुसंख्य स्त्रियांच्या गर्भाशयात अशी एखादी तरी गाठ असते. त्यांतील पुष्कळशा कधी त्रासही देत नाहीत. याच स्नायूंपासून क्वचित निर्माण होणारा घातक अर्बुदाचा प्रकार म्हणजे लायोमायोसारकोमा. गर्भाशयाच्या एकूण कर्करोगांत सर्व प्रकारच्या सारकोमांचा वाटा साधारणतः ३ ते ७ टक्के मानला जातो आणि त्यांत लायोमायोसारकोमाचे प्रमाण सर्वाधिक असते. फायब्रॉइडचेच कालांतराने सारकोमात रूपांतर होते, अशी भीती अनेक स्त्रियांच्या मनात असते; कधी कधी ती घातलीही जाते. बहुसंख्य सारकोमा स्वतंत्रपणेच उद्भवतात, असे आजचे ज्ञान सांगते. म्हणून केवळ 'पुढे कॅन्सर होईल' या धाकाने फायब्रॉइडसाठी गर्भाशय काढण्यास शास्त्राचा आधार नाही.

अडचण अशी की सोनोग्राफीत दोन्ही गाठी सारख्या दिसू शकतात. लक्षणेही तीच असतात : अंगावरून जास्त जाणे, ओटीपोटात जडपणा, वारंवार लघवीला होणे. पाळी बंद झाल्यानंतर वाढू लागलेली गाठ मात्र संशयास्पद मानली पाहिजे. फायब्रॉइडची वाढ संप्रेरकांवर अवलंबून असते आणि पाळी गेल्यावर ती आक्रसणे अपेक्षित असते. एमआरआयने काही उलगडा होतो, पण निश्चित निदान बहुधा शस्त्रक्रियेनंतर सूक्ष्मदर्शकाखालीच होते.

म्हणूनच दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत गाठीचे यंत्राने बारीक तुकडे करून ते छोट्या छिद्रातून बाहेर काढण्याची पद्धत वादाच्या भोवऱ्यात सापडली. लपलेला सारकोमा असेल तर हे तुकडे पोटभर विखुरतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने एप्रिल २०१४ मध्ये याबाबत इशारा दिला. फायब्रॉइड समजून शस्त्रक्रिया झालेल्या सुमारे ३५० स्त्रियांमागे एकीत सारकोमा दडलेला असतो, असा त्यांचा तेव्हाचा अंदाज होता. नंतरच्या अनेक पाहण्यांत हे प्रमाण बरेच कमी आढळले आणि २०२० साली त्याच प्रशासनाने, योग्य रुग्ण निवडून, विशेष पिशवीत बंदिस्त करूनच ही पद्धत वापरावी, अशी शिफारस केली. आपल्याकडे दुर्बिणीच्या शस्त्रक्रिया आता जिल्ह्याच्या ठिकाणीही होतात. लहान टाक्यांचे आकर्षण समजण्यासारखे आहे. परंतु पाळी गेलेल्या स्त्रीच्या वाढत्या गाठीबाबत टाक्याच्या लांबीपेक्षा गाठ अखंड बाहेर येणे अधिक महत्त्वाचे, एवढे रुग्णाच्या नातेवाइकांनाही ठाऊक असावे.

लायोमायोसारकोमा हा या गटातील सर्वांत कठोर आजार आहे. तो गर्भाशयापुरता मर्यादित असताना काढला तरी निम्म्याहून अधिक रुग्णांत तो पुन्हा उद्भवतो आणि परतण्याचे सर्वांत नेहमीचे ठिकाण फुप्फुसे हेच असते. या गाठी सुरुवातीला खोकला देत नाहीत, दम लावीत नाहीत. त्यामुळे शस्त्रक्रियेनंतर पहिली दोन-तीन वर्षे दर तीन-चार महिन्यांनी तपासणी आणि ठराविक काळाने छातीचे सीटी स्कॅन आवश्यक असते. गाठी मोजक्या असतील, एकाच जागी असतील आणि पहिल्या शस्त्रक्रियेनंतर बराच काळ लोटला असेल, तर त्या शस्त्रक्रियेने काढता येतात व निवडक रुग्णांना त्याचा लाभ होतो. अन्यथा रसायनोपचार हाच मार्ग. अनेक वर्षे डॉक्सोरुबिसिन हे येथील मुख्य औषध होते. फ्रान्समधील एका चाचणीत त्याच्या जोडीला ट्रॅबेक्टेडिन दिल्यास रुग्णांचे मध्यम आयुर्मान २४ महिन्यांवरून ३३ महिन्यांवर गेल्याचे २०२४ साली प्रसिद्ध झाले. नऊ महिने ही वाढ आकड्यात लहान दिसते. दहावीला बसलेल्या मुलीच्या आईला ती लहान वाटणार नाही. मात्र हे उपचार खर्चिक आणि शरीराला जड आहेत, हेही सांगितले पाहिजे.

गर्भाशयाच्या अस्तराखालील आधारऊतीपासून होणारा स्ट्रोमल सारकोमा याच्या अगदी उलट स्वभावाचा असतो. त्याचा सौम्य प्रकार तुलनेने कमी वयाच्या स्त्रियांतही आढळतो आणि अतिशय सावकाश वाढतो. गर्भाशय काढून दहा, पंधरा, क्वचित वीस वर्षे लोटल्यावर फुप्फुसांत शेंगदाण्याएवढ्या गाठी दिसू लागतात. तोवर पहिल्या शस्त्रक्रियेचे कागद हरवलेले असतात, रुग्णालय बंद पडलेले असते आणि रुग्ण 'पिशवी काढली होती' एवढेच सांगू शकते. या गाठींवर स्त्री-संप्रेरकांचे ग्राहक असल्याने प्रोजेस्टेरॉन गटातील औषधांनी किंवा लेट्रोझोलसारख्या गोळ्यांनी त्या पुष्कळदा आटोक्यात राहतात. म्हणजे योग्य निदान झाले तर घरी बसून रोज एक गोळी घेणे शक्य होते. चुकले तर अनावश्यक रसायनोपचारांचे चक्र मागे लागते. इस्ट्रोजेनयुक्त औषधे आणि टॅमॉक्सिफेन येथे टाळावी लागतात, हेही निदानावरच अवलंबून आहे.

याशिवाय, साध्या फायब्रॉइडसारख्याच दिसणाऱ्या निरुपद्रवी पेशी फुप्फुसांत जाऊन राहिल्याची उदाहरणेही वैद्यकात नोंदलेली आहेत. १९३९ साली पॉल स्टायनर यांनी अशा रुग्णाचे सविस्तर वर्णन केले. कार्सिनोसारकोमा नावाचा आणखी एक आक्रमक प्रकार पूर्वी सारकोमांत धरला जाई. तो मुळात अस्तराच्या कर्करोगाचाच बदललेला अवतार असल्याचे स्पष्ट झाल्याने आता त्याचे उपचारही त्या दिशेने होतात.

वारेचा कर्करोग आणि मुंबईच्या गिरणी कामगार स्त्रिया

आता ज्या प्रकारासाठी हा लेख मुख्यतः लिहिला, त्याकडे वळू. गर्भधारणेत वार तयार करणाऱ्या पेशींचा धर्मच आक्रमणाचा असतो. त्या आईच्या गर्भाशयात मुळे रोवतात, तिच्या रक्तवाहिन्या पोखरून गर्भासाठी रक्ताची सोय करतात. जर्मन विकृतिशास्त्रज्ञ श्मोर्ल यांना १८९३ साली गरोदरपणातील झटक्यांनी दगावलेल्या स्त्रियांच्या फुप्फुसांत वारेच्या पेशी आढळल्या होत्या. पुढे दिसून आले की निरोगी गरोदरपणातही अशा काही पेशी आईच्या फुप्फुसांपर्यंत जातात आणि तेथे आपोआप नष्ट होतात. फुप्फुसांची वाट या पेशींना जणू जन्मतःच ठाऊक असते.

कधी कधी गर्भधारणेत गर्भाऐवजी द्राक्षाच्या घडासारख्या पाणीदार पुटकुळ्या वाढतात. यास द्राक्षगर्भ म्हणतात. पूर्ण द्राक्षगर्भात सर्व गुणसूत्रे पित्याकडून आलेली असतात, आईचा वाटा नसतो. यात स्त्रीचा कोणताही दोष नाही, हे आपल्या समाजात निःसंदिग्धपणे सांगण्याची गरज आहे. द्राक्षगर्भ काढून गर्भाशय रिकामे केल्यावर बहुतेक स्त्रिया बऱ्या होतात. परंतु पूर्ण द्राक्षगर्भ झालेल्या सुमारे १५ ते २० टक्के स्त्रियांत या पेशी मागे राहून वाढतात. त्यांचा सर्वांत आक्रमक प्रकार म्हणजे कोरिओकार्सिनोमा. तो गर्भपातानंतर किंवा अगदी सुखरूप बाळंतपणानंतरही उद्भवू शकतो. शरीरभर पसरलेल्या अवस्थेत सुमारे ८० टक्के रुग्णांत फुप्फुसांत गाठी असतात. एक्स-रेवर त्या तोफगोळ्यांसारख्या गोल दिसतात. कित्येकदा गर्भाशयात काहीच सापडत नाही आणि रोगाचे पहिले दर्शन खोकल्यातून पडणाऱ्या रक्ताने होते.

या आजारावरील औषधाची कहाणी मुंबईच्या परळ भागातून सुरू होते, हे आपल्यापैकी थोड्यांना ठाऊक असेल. १९२८ साली ल्यूसी विल्स या इंग्लिश डॉक्टर मुंबईस आल्या. गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर स्त्रियांत रक्तक्षयाचा एक भयंकर प्रकार आढळत होता आणि त्यात अनेकींचा बळी जात होता. मातामृत्यूंची ही चौकशी हाफकिन संस्थेत, आजच्या भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या पूर्वावतारातर्फे चालली होती. विल्स यांनी मेहता, तळपदे अशा सहकाऱ्यांसह मुंबईतील स्त्रियांच्या आहाराची व राहणीची पाहणी केली. दोष जंतूंत नसून अन्नात आहे, हे हळूहळू स्पष्ट झाले. यीस्टच्या स्वस्त अर्काने या स्त्रिया बऱ्या होतात, असे त्यांनी १९३१ साली प्रसिद्ध केले. अर्कातील अज्ञात घटकाला काही काळ 'विल्स घटक' म्हणत. तोच पुढे फॉलिक आम्ल म्हणून ओळखला गेला. आज प्रत्येक गरोदर स्त्रीला प्राथमिक आरोग्य केंद्रात ज्या लोह-फॉलिक आम्लाच्या गोळ्या मिळतात, त्यांचे मूळ परळच्या त्या चाळींत आहे.

दुसरा धागा आंध्रातील भीमवरमचा. तेथे १८९५ साली जन्मलेले यल्लाप्रगड सुब्बाराव मद्रासला वैद्यक शिकून अमेरिकेस गेले. लेडर्ले प्रयोगशाळेत त्यांच्या मार्गदर्शनाखाली १९४५ च्या सुमारास फॉलिक आम्ल कृत्रिमरीत्या बनविण्यात आले. त्यानंतर फॉलिक आम्लासारखी दिसणारी, पण पेशीला फसवून तिची वाढ रोखणारी संयुगे तयार झाली. त्यांपैकी अमायनोप्टेरिनचा उपयोग सिडनी फार्बर यांनी मुलांच्या रक्तकर्करोगावर केला. दुसरे संयुग म्हणजे मेथोट्रेक्सेट. सुब्बाराव १९४८ साली निवर्तले. त्यांच्या हयातीत त्यांचे नाव फारसे कोणाला माहीत झाले नाही.

तिसरा धागा १९५६ चा. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत मिन चिऊ ली व रॉय हर्ट्झ यांनी कोरिओकार्सिनोमा फुप्फुसांत पसरलेल्या स्त्रियांना मेथोट्रेक्सेट दिले. एक्स-रेवरील गोळे विरघळले. केवळ औषधाने घन अर्बुद बरे होण्याचे हे पहिले उदाहरण मानले जाते. ली यांचे वेगळेपण पुढच्या पायरीत होते. वारेच्या पेशी एचसीजी नावाचे संप्रेरक सोडतात, जे लघवीतही उतरते. गर्भधारणेच्या साध्या चाचणीत तेच शोधले जाते. एक्स-रे स्वच्छ झाल्यावरही रुग्णाच्या लघवीत हे संप्रेरक थोडे उरलेले होते. डोळ्यांना रोग दिसत नसतानाही ली यांनी ते शून्यावर येईपर्यंत औषध चालू ठेवले. रुग्णांना अकारण विष दिल्याचा ठपका ठेवून संस्थेने त्यांना नोकरीवरून दूर केले. काळाने त्यांची बाजू खरी ठरविली : ज्यांचे औषध लवकर थांबविले गेले त्यांचा आजार उलटला, ज्यांचे चालू राहिले त्या बऱ्या झाल्या. १९७२ साली ली यांना लास्कर पुरस्कारात वाटा मिळाला.

आज या आजारात रुग्णाचे वय, आधीची गर्भधारणा कोणती व तिला किती महिने झाले, संप्रेरकाची पातळी, गाठींची संख्या, आकार व ठिकाण यांवरून गुण दिले जातात. एकूण ६ पर्यंत गुण असतील तर एकच औषध, बहुधा मेथोट्रेक्सेट, पुरते आणि जवळजवळ सर्व स्त्रिया बऱ्या होतात. ७ वा अधिक गुण असल्यास पाच औषधांचा संच द्यावा लागतो व तरीही दहांपैकी सुमारे नऊ बऱ्या होतात. या संचातील व्हिन्क्रिस्टिन मूळचे आपल्या अंगणातल्या सदाफुलीतून मिळालेले आहे. ही औषधे भारतात तयार होतात आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. या गुणपत्रिकेत फुप्फुसांतील गाठीच्या ठिकाणास शून्य गुण आहेत, तर यकृत वा मेंदूतील गाठीस चार. फुप्फुसांत पसरलेला कर्करोग म्हणजे शेवट, ही सर्वसामान्य समजूत येथे लागू पडत नाही. बहुतेकींचे गर्भाशय शाबूत राहते आणि उपचारांनंतर वर्षभर गर्भधारणा टाळल्यास पुढे निरोगी मूल होऊ शकते.

सावली क्षयाची की आणखी कशाची

तरीही आपल्याकडे या आजाराने स्त्रिया दगावतात, त्या औषधाअभावी नव्हे. पंचविशीतील एक स्त्री खोकला आणि थुंकीतून रक्त घेऊन तालुक्याच्या रुग्णालयात येते. एक्स-रेवर सावल्या आहेत. आपल्या देशातील क्षयरोगाचे ओझे पाहता डॉक्टरांच्या मनात प्रथम क्षय येणे स्वाभाविक आहे आणि बहुतेक वेळा ते बरोबरही असते. सहा महिन्यांपूर्वी तिचा गर्भपात झाला होता, हे ती सांगत नाही. सासूबाई शेजारी बसलेल्या असताना तिला कोणी विचारतही नाही. थुंकीत जंतू सापडत नाहीत, तरी क्षयाची औषधे सुरू होतात. महिन्या-दोन महिन्यांनी गोळे दुप्पट होतात. कधी मेंदूत रक्तस्राव होऊन मग निदान होते, कधी होतही नाही.

हे टाळण्याची चाचणी प्रत्येक उपकेंद्रात पडून आहे. 'निश्चय' या नावाने आशा कार्यकर्तीकडे मिळणारी गर्भधारणेची पट्टी हीच ती चाचणी. पुनरुत्पादनक्षम वयातील कोणत्याही स्त्रीच्या छातीत गोल सावल्या दिसल्या आणि थुंकीत क्षयाचे जंतू नसले, तर लघवीची ही चाचणी करावी. ती सकारात्मक आली आणि सोनोग्राफीत गर्भ नसेल, तर रक्तातील एचसीजीची पातळी मोजून रुग्णाला कर्करोग केंद्राकडे पाठवावे. अशा स्त्रीच्या योनिमार्गात निळसर गाठ दिसल्यास तिचा तुकडा तपासणीसाठी काढू नये; त्यातून न थांबणारा रक्तस्राव होऊ शकतो. या आजाराचे निदान तुकड्याविनाच, संप्रेरकाच्या आकड्यावर करता येते. वारेच्या कर्करोगाचा एक विरळ उपप्रकार फार थोडे संप्रेरक सोडतो आणि औषधांना कमी दाद देतो, म्हणून गोंधळ असल्यास अनुभवी केंद्राचा सल्ला अपरिहार्य ठरतो.

द्राक्षगर्भ झालेल्या स्त्रीचा पाठपुरावा ही याचीच दुसरी बाजू. गर्भाशय रिकामे केल्यानंतर एचसीजीची पातळी सामान्य होईपर्यंत दर एक-दोन आठवड्यांनी आणि त्यानंतरही काही महिने मोजावी लागते. बसवनगुडीत ही रक्ततपासणी कोपऱ्यावरच्या प्रयोगशाळेत होते. औराद किंवा अक्कलकोट तालुक्यातील वाडीवरून प्रत्येक वेळी शहर गाठणे स्त्रीला परवडत नाही. तिसऱ्या खेपेनंतर ती येईनाशी होते. किदवई संस्थेचे कलबुर्गी येथे उपकेंद्र आहे, बार्शीस नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आहे. आयुष्मान भारत आणि महाराष्ट्रातील महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना यांतून रसायनोपचारांचा खर्च पुष्कळ अंशी भागतो. पण रुग्णालयात दाखल न होता केलेल्या रक्ततपासण्या आणि एसटीचे तिकीट हा खर्च प्रामुख्याने कुटुंबाच्याच डोक्यावर राहतो. लेखकाच्या मते या आजारातील सर्वांत स्वस्त सुधारणा येथेच शक्य आहे : रक्ताचा नमुना तालुक्याला घेतला जावा आणि अहवाल फोनवर कळावा. रुग्णाने नव्हे, नमुन्याने प्रवास करावा.

काढलेले गर्भाशय कोठे जाते

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या चौथ्या फेरीत, म्हणजे २०१५-१६ मध्ये, देशातील १५ ते ४९ वयोगटातील सुमारे ३ टक्के स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांचा प्रश्न पुढे आला, तेव्हा डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने ८२ हजारांहून अधिक महिलांची पाहणी केली. त्यांपैकी १३ हजारांहून अधिक महिलांचे गर्भाशय काढले गेले होते. या अनावश्यक शस्त्रक्रियांची चर्चा झाली आणि ती आवश्यकच होती. तिच्यात एक प्रश्न मात्र मागे पडला. काढलेली ही गर्भाशये सूक्ष्मदर्शकाखाली तपासली गेली का? लहान रुग्णालयांत अवयव नातेवाइकांना ताटलीत दाखविला जातो आणि खर्च वाचविण्यासाठी पुढे पाठविला जात नाही. अशा न तपासलेल्या अवयवात सारकोमा असला, तर त्याचा पत्ता दोन-चार वर्षांनी छातीच्या एक्स-रेवर लागतो, आणि तोवर मूळ रोग कोणता होता हे सांगणारे काहीच हाती राहत नाही.

याचा परिणाम आकडेवारीवरही होतो. भारतातील पहिली लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी मुंबईत १९६३ साली सुरू झाली. वैद्यक संशोधन परिषदेचा राष्ट्रीय नोंदणी कार्यक्रम १९८१-८२ मध्ये आकारास आला, तेव्हा त्यात मुंबई, मद्रास यांबरोबर बेंगळुरूचा समावेश होता व ती नोंदणी किदवई संस्थेकडे आली. ग्रामीण भागासाठी १९८७ साली बार्शीची नोंदणी सुरू झाली. या नोंदवहीत प्रत्येक रुग्णाला दोन सांकेतिक क्रमांक मिळतात : एक अवयवाचा, दुसरा पेशीच्या प्रकाराचा. गर्भाशयाच्या मुख्य भागास सी ५४, वारेस सी ५८. पेशीचा प्रकार ठाऊक असेल तर लायोमायोसारकोमाची नोंद ८८९० आणि कोरिओकार्सिनोमाची ९१०० या क्रमांकाने होते. सूक्ष्मदर्शकाचा अहवाल नसेल तर पेशीचा रकाना मोघम भरला जातो आणि दुर्मीळ आजार नेहमीच्या आजारांच्या गर्दीत मिसळून जातो. मग औषधसाठा, प्रशिक्षण आणि तपासणीची सोय कोठे हवी, हे ठरविण्यास आधार उरत नाही.

शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रीने पॅथॉलॉजीचा लेखी अहवाल मागून घ्यावा, तो डिस्चार्ज कार्डाबरोबर जपून ठेवावा आणि नमुन्याचा मेणाचा ठोकळा कोणत्या प्रयोगशाळेत, कोणत्या क्रमांकाखाली आहे, हे त्यावर लिहून घ्यावे. नीट ठेवलेल्या मेणाच्या ठोकळ्यातील पेशी अनेक वर्षे टिकतात. पंधरा वर्षांनी फुप्फुसात गाठ दिसली, तर तिचा तुकडा आणि हा जुना ठोकळा शेजारी शेजारी ठेवून पाहता येतात आणि रोज एक गोळी पुरेल की नाही, याचा निर्णय तेथेच होतो.